गोधडीच्या पाठीवर नाव

पैठणी विरली की ती जरीवाल्याला विकायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पुढे ती जाळून जरीतली चांदी काढत. पदरावरचे मोर, काठावरची नारळी, सगळं भट्टीत. त्यातून वाचलेलं थोडं रेशीम गोधड्यांत गेलं. आगाशीला माझ्या आत्याकडे अशी एक आहे. मधे जांभळी पैठणी, कडेला खणांचे तुकडे, आत मऊ सुती लुगड्यांचे थर आणि आरपार धावदोऱ्याच्या बारीक ओळी. बारशालाच ती बाहेर निघायची.

वसई-विरारमध्ये जुनी घरं पडून इमारती उठताहेत, तशा ट्रंका रिकाम्या होताहेत. अशा गोधड्या आता हौसेने विकत घेणारेही आहेत. घ्याव्यातच, भिंतीवर लावाव्यात इतक्या त्या देखण्या असतात. पण गोधडी घराबाहेर पडताना शिवणारीचं नाव मागेच राहतं, हे मला फार लागतं.

वसई पोर्तुगिजांकडे होती, 1534 ते 1739, त्याच काळात बंगालमधल्या सातगाव भागातल्या रजया जहाजांनी लिस्बनला जात. सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचा साखळीटाका, त्यात शिकारी, जहाजं, बायबलमधल्या कथा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या जपून ठेवल्या आहेत. त्यांचा प्रदेश कळतो, शतक कळतं. शिवणारे हात कुणाचे, ते कळत नाही. याउलट अमेरिकेतल्या अलाबामातलं जीज बेंड. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, त्या शिवणाऱ्यांच्या नावानिशी. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली.

म्हणून एक सुती पट्टी घ्या. तिच्यावर शिवणारीचं नाव, माहेर, गाव, अंदाजे साल आणि कापड कुणाच्या लुगड्याचं, हे साध्या दोऱ्याने भरा आणि ती पट्टी पाठीमागच्या सुती अस्तराला टाचा. रेशमावर शाई किंवा गोंद लावू नका. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलेलं रेशीम त्या रेषेवरच चिरतं. मलमल घालून गुंडाळी करा. आपल्या दमट हवेत प्लास्टिकची पिशवी तर नकोच, बुरशी धरते. उन्हातही टाकू नका, सावलीतला वारा पुरतो.

आत्याची गोधडी तिच्या आजेसासूने शिवली. तिचं सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. माहेरचं नाव सांगू शकतील अशा एकच वृद्ध नणंद उरल्या आहेत, अर्नाळ्याला. या रविवारी त्यांच्याकडे जाते आहे.