विमानतळ जवळ, विमान दूर

बडोदे शहराच्या उत्तरेस निजामपुरा ही जुनी वस्ती आहे. तेथून हरणीचा विमानतळ अवघ्या काही किलोमीटरांवर. 22 ऑक्टोबर 2016 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा परदेशची विमाने आता आपल्या दारातून सुटतील, अशी आशा बडोदेकरांच्या मनात निर्माण झाली. गायकवाडांच्या काळापासून तेथे नांदणाऱ्या मराठी कुटुंबांचीही मुलेबाळे आज देशोदेशी पांगलेली आहेत. परंतु इमारत उभी राहिली तरी नियमित परदेशी उड्डाणे पुढे कित्येक वर्षे आली नाहीत आणि निजामपुऱ्याच्या प्रवाशाची वाट अहमदाबादकडेच राहिली.

ही वाट शंभराहून अधिक किलोमीटरांची. तीतील 93 किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग उत्तम आहे, ह्याविषयी वाद नाही. खरी अडचण तो मार्ग संपल्यावर सुरू होते. आगगाडी अहमदाबाद स्थानकावर सोडते, विमानतळावर नव्हे. 2022 मध्ये तेथे मेट्रो मोटेऱ्यापर्यंत पोहोचली, पण विमानतळ तिच्या वाटेवर नव्हता. परदेशची अनेक विमाने अपरात्री सुटतात. अशा वेळी वृद्ध आईबापांना सामानसुमानासह बहुधा खासगी मोटारच करावी लागते. ज्याला ती परवडते त्याचे निभावते. इतरांनी काय करावे, ह्याचा विचार आराखड्यात आढळत नाही. वाहतुकीचे शास्त्र शिकविणारे गतिशक्ती विश्वविद्यालय ज्या नगरीत आहे, त्याच नगरीची ही स्थिती होय.

बडोद्याची ही कथा आम्ही सांगतो, ती त्या शहराला नावे ठेवण्यासाठी नव्हे. आपल्या मोपा विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. धारगळहून तेथे नेणारा जोडरस्ता खुला व्हायला मात्र जुलै 2024 उजाडला. विमान आधी आणि रस्ता मागाहून, असा हा उलटा क्रम. काणकोणच्या प्रवाशाला मोपाचे विमान गाठायचे तर दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सारा गोवा ओलांडावा लागतो. त्याची व्यथा निजामपुऱ्याच्या प्रवाशाहून निराळी नाही.

विमानतळाची थोरवी काचेच्या भिंतींवरून आणि धावपट्टीच्या लांबीवरून मोजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. विमानतळाची खरी हद्द कुंपणापाशी संपत नाही. ती प्रवाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाते. विमानांच्या वेळांशी जुळणाऱ्या, रात्रीही धावणाऱ्या बसगाड्या, रेल्वे स्थानकाशी थेट जोडणी आणि ठरलेल्या दराची भाड्याची वाहने, एवढी व्यवस्था पहिले विमान उडण्यापूर्वीच झाली पाहिजे. रात्रीच्या गाड्या रिकाम्या धावतील आणि तोटा होईल, असा आक्षेप घेतला जाईल. पण विमानतळ उभारण्यास जो पैसा लागतो, त्याच्या मानाने हा तोटा क्षुल्लक आहे. आकाशमार्ग खुला करणाऱ्या शासनाने जमिनीवरची वाट प्रवाशाच्या दैवावर सोडावी, हे आम्हांस मान्य नाही.