सलामी पुरे, सोबत हवी

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ सालापासून हा दिवस देशभर पाळला जातो. शाळेतील मुले डबा घेऊन येतात, आपण दहा-वीस रुपये टाकतो, सदऱ्यावर कागदी ध्वज टोचून घेतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात पुढे जातो. हा दिवस दरवर्षी न चुकता आगमनकाळात येतो. तथापि त्या ध्वजाचा आणि आगमनकाळातील आपल्या तयारीचा काही संबंध असावा, असे आपल्या धर्मग्रामांत क्वचितच कोणाच्या मनात येते. गोठ्यासाठी गवत कोठून आणायचे, नाताळगीतांच्या स्पर्धेला परीक्षक कोण, ह्यावर धर्मग्राम परिषदेच्या तीन-तीन बैठका होतात. ज्या घरचा कर्ता मुलगा ह्या नाताळात घरी येणार नाही, त्या घराचे काय, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधी असतो काय?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्याला जवान प्रतीक म्हणून हवा आहे. धर्मग्रामाचा सभासद म्हणून त्याची आणि त्याच्या माणसांची आपण दखल घेत नाही. २६ जानेवारीला चर्चच्या आवारात आपण झेंडावंदन करतो, ध्वनिक्षेपकावरून देशभक्तीची गाणी लावतो आणि जवानांच्या नावाने टाळ्या वाजवतो. त्याच आवारात, त्याच घोळक्यात जवानाची पत्नी दोन मुलांचे हात धरून उभी असते. तिला कोणी विचारीत नाही, की बाई, गेल्या महिन्यात सासऱ्यांना दवाखान्यात कोणी नेले? टाळ्या वाजवण्यास काही लागत नाही. विचारपूस करण्यास मात्र वेळ द्यावा लागतो.

काही भाविक म्हणतील, "नाताळाला रजा घेऊन यावे की त्याने!" असे म्हणणाऱ्याने लष्करी रजेचा हिशेब एकदा समजून घ्यावा. नियमित सेवेतील जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर हे पुष्कळ वाटते. परंतु ही रजा म्हणजे हक्काची तारीख नव्हे. चौकी कधीही रिकामी ठेवता येत नाही, म्हणून पलटणीतील माणसे पाळीपाळीनेच घरी जाऊ शकतात. कोणाची पाळी नाताळात येते, कोणाची जुलैच्या पावसात. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरांना तर वर्षाला ३० दिवसच रजा आहे. साडेसतराव्या वर्षापासून ही मुले भरती होऊ शकतात आणि भरतीच्या वेळी ती अविवाहित असावी लागतात. तेव्हा आता 'सैनिकाचे कुटुंब' म्हटले की केवळ पत्नी आणि मुले डोळ्यांसमोर आणून भागणार नाही. अठरा वर्षांच्या पोराची वाट पाहणारी आई, हेही सैनिकाचेच कुटुंब आहे.

शिवाय डिसेंबर महिना आपल्या सैन्याच्या इतिहासात कधीच निवांत राहिलेला नाही. १९६१ साली १८ डिसेंबरला सैन्य गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करली; नाताळाला तेव्हा सहा दिवस उरले होते. १९७१ चे युद्ध ३ ते १६ डिसेंबर असे ऐन आगमनकाळात झाले. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि पुढच्याच आठवड्यात सैन्य पश्चिम सीमेकडे निघाले. नाताळासाठी घरी आलेल्या कित्येकांना अर्ध्यावरून परतावे लागले, आणि ही जमवाजमव ऑक्टोबर २००२ पर्यंत चालली. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० भारतीय सैनिक मरण पावल्यावर, त्या वर्षीच्या हिवाळ्यात हजारो जवान पूर्व लडाखच्या गोठवणाऱ्या उंचीवर राहिले. सियाचेनवर तर १९८४ पासून प्रत्येक नाताळात आपले जवान उभे आहेत. आपण मध्यरात्रीच्या मिस्साला शाल पांघरून बसतो, तेव्हा एवढे तरी ध्यानात असावे.

आता घरी मागे राहिलेल्यांकडे पाहू. सणाच्या दिवसांत त्यांचे ओझे हलके होत नाही, उलट वाढते. शाळांना सुटी लागते, शेजारच्या घरी मुंबईहून, आखातातून बाप येतो, आपले मूल विचारते, "माझे पप्पा कधी येणार?" ह्या प्रश्नाला आईजवळ तारीख नसते. मोबाइल आल्याने सगळे सोपे झाले, असे आपण समजतो. परंतु प्रत्येक चौकीवर मोबाइल चालत नाही, आणि जेथे चालतो तेथेही आपण नेमके कोठे आहोत हे सांगण्याची जवानाला मोकळीक नसते. दूरचित्रवाणीवर सीमेवरील चकमकीची बातमी सरकू लागली की त्या घरातील करंज्यांची कढई उतरवली जाते. मध्यरात्रीच्या मिस्साला जायचे तर अंधाऱ्या रस्त्याने दोन लेकरे आणि म्हातारी सासू ह्यांना घेऊन ती एकटी कशी जाणार? ती घरीच राहते. आणि नंतर आपणच म्हणतो, "ह्या बाई हल्ली चर्चला दिसत नाहीत!"

ह्यावर तीन आक्षेप हमखास ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा : "त्यांना पगार आहे, कँटीन आहे, निवृत्तिवेतन आहे. सरकार त्यांचे सगळे पाहते, आपण काय करायचे?" सरकार पुष्कळ काही पाहते, हे खरे. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत, आणि त्यांची मदत गरजू कुटुंबांनी अवश्य घ्यावी. परंतु कँटीनमध्ये सोबत विकत मिळत नाही. तापलेल्या मुलाला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायला शेजारीच लागतो. शेजारधर्म हे सरकारचे खाते नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक दिसतो : "ख्रिस्तसभा शांतीची पुरस्कर्ती आहे. शांतीच्या राजाच्या जन्मदिनी सैन्याचा उदोउदो कशाला?" उदोउदो करा, असे मी म्हणतच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' ह्या दस्तऐवजात सरसकट संहार करणाऱ्या युद्धाचा कडक निषेध केला. त्याच दस्तऐवजाच्या ७९ व्या परिच्छेदात, प्रामाणिकपणे देशसेवा करणारा सैनिक लोकांच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवक ठरतो, असेही सांगितले. ह्या दोन गोष्टींत विसंगती नाही. पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी ७ डिसेंबर १९१४ रोजी, निदान नाताळापुरती तरी युद्धबंदी व्हावी, अशी विनवणी केली. राज्यकर्त्यांनी ती मानली नाही. परंतु पश्चिम आघाडीवर ठिकठिकाणी सैनिकांनीच आपण होऊन बंदुका खाली ठेवल्या आणि शत्रूच्या हातात हात दिला. त्यांत आपल्या देशातील गढवाल रायफल्सचेही जवान होते. शांतीची किंमत खंदकातल्या माणसाला आपल्याहून अधिक ठाऊक असते. ज्याला युद्ध नको आहे, त्याने तर जवानाच्या घरी सर्वांआधी जावे. युद्धाचा पहिला घाव त्याच घरावर बसतो.

शुभवर्तमान तरी काय सांगते? आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, 'क' वर्षात, आपण संत लूकच्या तिसऱ्या अध्यायातील वाचन ऐकतो. आम्ही काय करावे, असे शिपाई योहानाला विचारतात. तो त्यांना हाकलून देत नाही. लोकांना लुबाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगतो. कफर्णहूमचा शताधिपती सैनिकच होता. प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसादापूर्वी आपण जी प्रार्थना म्हणतो, ती त्याच्याच उद्गारांवर बेतलेली आहे. एका सैनिकाची नम्रता ख्रिस्तसभेने रोजच्या उपासनेत जपून ठेवली. आणि त्याच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या सैनिकाच्या पत्नीचे नाव आपल्याला ठाऊक नसावे?

तिसरा आक्षेप आम्हा धर्मगुरूंच्या कार्यालयातून येतो : "नियम सर्वांना सारखे. एकाला सवलत दिली की दहाजण मागतील." ह्या बाबतीत मला माझ्याच धर्मबंधूंशी भांडायचे आहे. जवान फेब्रुवारीत वीस दिवसांसाठी घरी येतो. बाळाचा स्नानसंस्कार करायचा असतो. कार्यालयातून उत्तर मिळते, "ह्या महिन्याचा स्नानसंस्काराचा रविवार झाला, पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात तो राजस्थानच्या वाळवंटात असतो. आपल्या लेकराच्या कपाळावर पाणी पडताना बापाने पाहू नये, असा कोणता धर्मनियम आहे? ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ८५६ वा नियम रविवारची शिफारस करतो, पण स्नानसंस्कार कोणत्याही दिवशी देता येतो, हे आधी सांगतो. विवाहाचेही तसेच. आगमनकाळात विवाह लावूच नयेत, अशी बंदी कायद्यात नाही. त्या काळाचे गांभीर्य राखावे, एवढीच अपेक्षा आहे. विवाहाच्या घोषणांतून सूट देण्याचा अधिकारही बिशपांना आहे. दार कायद्याने लावलेले नाही. ते आपल्या सोयीने लावले आहे. सैन्याचे वेळापत्रक वाकणार नाही, तेव्हा धर्मग्रामाच्या वेळापत्रकाने वाकावे. त्यात आपला मान कमी होत नाही.

ही जबाबदारी आपण दुसऱ्यावर ढकलूही शकत नाही. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी एका खास संविधानाद्वारे लष्करी धर्मप्रांतांची व्यवस्था घालून दिली आणि अनेक देशांत असे धर्मप्रांत आहेत. भारतात तसा स्वतंत्र लष्करी धर्मप्रांत नाही. सैन्यात धर्मशिक्षकांमध्ये पाद्रीही नेमले जातात, पण प्रामुख्याने जेथे ख्रिस्ती जवान पुरेशा संख्येने असतात तेथेच. आपल्याकडून गेलेला मुलगा बहुधा पलटणीत एकटा-दुकटा ख्रिस्ती असतो. त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आत्मिक सेवेचा भार तेथील धर्मग्रामावर आणि आपल्यावर पडतो. आपण तो उचलला नाही तर कोणीच उचलणार नाही.

'तेथील धर्मग्राम' म्हणताना आपणही कोणाचे तरी 'तेथील धर्मग्राम' असतो, हे विसरू नये. खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर येथील छावण्यांत केरळ, तामिळनाडू, छोटा नागपूर, मेघालय येथून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. पती आघाडीवर आणि कुटुंब छावणीत, अशांसाठी वेगळी घरे असतात. 'सेपरेटेड फॅमिली क्वार्टर' हे त्यांचे सरकारी नाव. ती स्त्री रविवारी आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते. मराठी प्रवचन तिला कळत नाही, नाताळगीतांचे शब्द तिला येत नाहीत. मिस्सानंतर आपण आपल्या घोळक्यांत रमतो आणि ती मुकाट निघून जाते. कैसर औगुस्तच्या फर्मानामुळे आपले गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाला बेथलेहेमात उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, ह्यावर आपण दरवर्षी हळहळतो. सरकारी हुकुमाने आपल्या गावात आलेल्या ह्या कुटुंबासाठी आपल्या बाकावर जागा आहे काय?

केवळ दोष दाखवून थांबणे मला मान्य नाही. पुढील गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. प्रत्येक धर्मग्रामाने सैन्यात असलेल्या सभासदांच्या कुटुंबांची नोंद ठेवावी. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या मदतीने एका महिन्यात ती पुरी होईल. अविवाहित मुलांचे आईवडील आणि सैनिकांच्या विधवा ह्यांची नावे तीत आवर्जून असावीत, कारण ज्या घरी कोणी परतणारच नाही, त्या घरी नाताळ सर्वांत जड जातो. मध्यरात्रीच्या मिस्साला ह्या कुटुंबांना ने-आण करण्याचे काम युवक संघाने घ्यावे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत जवानांचे नाव घ्यावे, मात्र त्यांचे ठिकाण उच्चारू नये आणि घरच्यांनाही ते खोदून विचारू नये. फराळाचे ताट पाठवून मोकळे होण्याऐवजी त्यांना आपल्या पंगतीत बोलवावे. सैनिक कल्याण कार्यालयातील कागदपत्रांसाठी सोबतीला जाणारे दोन निवृत्त कारकून प्रत्येक धर्मग्रामात सापडतील. मुलांनी लिहिलेली नाताळपत्रे डिसेंबर उजाडण्यापूर्वीच सैनिकी टपालाने रवाना करावीत, म्हणजे ती वेळेवर पोचतील. आणि जवान जानेवारीच्या अखेरीस आला, तर त्याच्या दारात जाऊन नाताळगीते गावीत. प्रभूच्या समर्पणाचा सण नाताळापासून चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला येतो. तोवर गोठ्यातील बाळ कोणाला अवेळी वाटण्याचे कारण नाही.

नाताळानंतरच्या रविवारी आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करू. वेदीसमोर जोडप्यांना उभे करून आशीर्वाद देऊ. त्या वेळी जी स्त्री आपल्या जागेवरून उठत नाही, ती का उठत नाही, हे धर्मग्रामात कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. आपल्या परिषदेच्या पुढील बैठकीत एकच प्रश्न विचारा : आपल्या धर्मग्रामातून सैन्यात किती जण आहेत आणि त्यांच्या घरी ह्या वर्षी कोण जाऊन आले? उत्तर आले नाही, तर गोठ्याच्या स्पर्धेचा विषय त्यानंतर घ्या.