अंगण वाकडें असेल तर?

परीक्षा देऊन आलेल्या मुलानें पेपराविषयीं ब्र काढला कीं आपल्या घरांतून एक म्हण हटकून बाहेर पडते : नाचतां येईना, अंगण वाकडें. म्हण जुनी आहे आणि सोयीचीही आहे. कारण ती एकदां उच्चारली म्हणजे अंगण पाहण्याचे कष्ट कोणालाच घ्यावे लागत नाहींत. या म्हणीच्या आधारानें वडील माणसें मुलांवर जो अन्याय करीत आलीं आहेत, त्याविरुद्ध आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कडू वाटले तरी वाचकांनीं रागावूं नये. या दोषांतून आम्हीं स्वतःस वगळलेलें नाहीं.

एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हांत प्रवेशपरीक्षेच्या केंद्राबाहेर जी गर्दी उभी असते ती एकदां तरी पाहावी. रजा काढून आलेले वडील, ओढणीनें वारा घेणाऱ्या आया, तुटपुंज्या सावलींत तीन तास काढलेले एखादे आजोबा. दार उघडतें, मुलें बाहेर येतात, आणि प्रश्न येतो, "कसा होता पेपर?" हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा. त्याच्या उत्तराची वाट न पाहतांच खरा प्रश्न येतो, "किती होतील?" मूल अजून मनानें परीक्षेच्या खोलींतच असतें. अमुक एका गणिताशीं आपण किती वेळ झुंजलों, आलेलें उत्तर चारही पर्यायांत कसें नव्हतें, हें त्याला सांगावयाचें असतें. पण "किती होतील" याच्या उत्तरांत तें कोठेंच बसत नाहीं. तें एक आंकडा सांगून मोकळें होतें, आणि आंकडा कमी असला कीं म्हण तयार असतेच.

आतां जरा अंगणाकडे पाहूं. 27 एप्रिल 2025 रोजीं महाराष्ट्राच्या सीईटीचें जें एक सत्र झालें, त्यांतील गणिताच्या 50 प्रश्नांपैकीं 21 प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. एक नव्हे, दोन नव्हेत, एकवीस! तक्रारी झाल्या, परीक्षा घेणाऱ्या कक्षानें चूक मान्य केली, आणि 27 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसाठीं 5 मे रोजीं पुन्हां परीक्षा ठेवली. त्या पहिल्या दिवशीं किती मुलांनीं "उत्तरेंच नव्हतीं हो" असें सांगितलें असेल, आणि किती घरांत त्यांस "अभ्यास केला असतास तर दिसलीं असतीं" असें ऐकावें लागलें असेल! पुढें चूक उघड झाल्यावर त्यांपैकीं किती वडिलांनीं आपले शब्द परत घेतले, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें.

शिवाय चुकीचा प्रश्न कोणाला मारतो याचा विचार आपण कधीं करतच नाहीं. सीईटींत चुकीच्या उत्तरासाठीं गुण कापले जात नाहींत. ज्याला गणित येत नाहीं तो डोळे मिटून एक पर्याय निवडतो आणि पुढें जातो. त्याचें कांहींच बिघडत नाहीं. ज्याला येतें तो गणित सोडवितो, उत्तर पर्यायांत न सांपडल्यामुळें आपलेंच कांहीं चुकलें असें समजून पुन्हां सोडवितो, तिसऱ्यांदां सोडवितो. घड्याळ मात्र त्याच्यासाठीं थांबत नाहीं. अंगण वाकडें असतां पाय मुरगळतो तो चांगल्या नाचणाऱ्याचाच.

तत्पूर्वींच्या वर्षाचें उदाहरण याहून बोलकें आहे. 5 मे 2024 रोजीं झालेल्या नीट परीक्षेंत पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नांत अणूंविषयीं दोन विधानें होतीं. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तींत एक सांगितलेलें, नव्या आवृत्तींत दुसरें. म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें दोन निरनिराळीं उत्तरें बरोबर धरलीं आणि दोहोंनाही गुण दिले. या परीक्षेंत चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. त्या धाकानें ज्यांनीं हा प्रश्न सोडून दिला त्यांस कांहींच मिळालें नाहीं. गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें जुलै 2024 मध्यें दिल्लीच्या आयआयटीच्या तीन तज्ज्ञांचें मत मागविलें, एकच उत्तर बरोबर ठरलें, आणि 720 पैकीं 720 गुण मिळविणारे जे 61 विद्यार्थी होते ते सुधारलेल्या निकालांत 17 उरले. एका प्रश्नानें 44 जणांचे पूर्ण गुण गेले. या मुलांचा तरी काय दोष? त्यांनीं जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवला एवढाच.

यावर प्रतिपक्ष म्हणेल कीं अशीं प्रकरणें थोडीं. बहुतेक तक्रारी पोकळच असतात. हें आम्हांस मान्य आहे. न आलेला प्रत्येक प्रश्न "अभ्यासक्रमाबाहेरचा" ठरविण्याची कला मुलांस चांगली साधते. "आमचें सत्र फार कठीण होतें" ही तक्रारही आम्ही फारशी मनावर घेत नाहीं. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर निराळा असतो, म्हणून तर गुणांऐवजीं पर्सेंटाइल देतात. म्हणजे त्याच सत्रांतील शंभर मुलांपैकीं किती आपल्या बरोबरीचीं किंवा मागें आहेत तें सांगतात. (हे टक्के नव्हेत, हें नातेवाइकांस समजावतांना अनेक आयांचा घसा कोरडा झाला आहे.) पेपर सर्वांसच कठीण गेला तर या हिशेबानें कोणाचें मोठेंसें नुकसान होत नाहीं. परंतु "पेपर कठीण होता" ही एक तक्रार आणि "प्रश्नच चुकीचा होता" ही दुसरी. या दोहोंतील भेद मुलाला कळावा अशी अपेक्षा असेल तर आधीं तो आपल्याला कळला पाहिजे, आणि तो कळण्यास मुलाचें वाक्य पुरें ऐकावें लागतें.

मॅट्रिकच्या काळांत मुलगा छापील पेपर खिशांत घालून घरीं येई. काका तो वाचीत, शेजारचे मास्तर चष्मा लावून वाचीत, आणि तक्रार खरी कीं खोटी याचा निवाडा ओटीवरच होई. संगणकावर दिलेला पेपर मुलाबरोबर घरीं येत नाहीं. त्या संध्याकाळीं तो प्रत्यक्ष सोडविलेलीं आणि त्याविषयीं बोलूं शकणारीं माणसें म्हणजे तीं मुलेंच. क्लासवाले हें पुरतें ओळखून असतात. ते मुलांनाच गांठतात, आठवतील तेवढे प्रश्न वदवून घेतात, आणि रात्रीच्या आंत "सोपा, मध्यम, कठीण" असा तक्ता प्रसिद्ध करतात. तोच दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांतून आपण चहाबरोबर गंभीरपणें वाचतों. चमत्कार असा कीं जें वाक्य मुलाच्या तोंडीं असतां सबब ठरलें, तेंच क्लासच्या नांवाखालीं छापून आलें कीं तज्ज्ञांचें मत ठरतें!

ऐकून घेतल्यानें मुलें लाडावतील, पुढें आयुष्याचे पेपर कोण सोपे करून देणार, असें कांहींजण बजावतात. साक्षीदाराचें म्हणणें लिहून घेतल्यानें तो लाडावतो असें कोणत्याही न्यायालयास अद्याप वाटलेलें नाहीं. मुलाला त्या रात्रीं एवढेंच विचारावें, "कोणता प्रश्न? तुझें उत्तर काय आलें? पर्याय काय होते?" आणि आठवेल तें त्याच्याच हातानें कागदावर उतरवून घ्यावें. खोटी तक्रार दुसऱ्या प्रश्नाशींच गळून पडते, आणि तीही मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत. त्यासाठीं म्हणीची गरज लागत नाहीं.

उरला प्रश्न परीक्षा घेणाऱ्यांचा. 2024 च्या नीटमध्यें उत्तरसूचीवर हरकत घ्यावयाची तर प्रश्नामागें 200 रुपये भरावे लागत, आणि ते परत मिळत नसत. ज्या घरांत परीक्षेचें शुल्कच काटकसर करून भरलेलें असतें, तेथील मूल आपल्या खऱ्या हरकतीवर एवढी रक्कम लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करील. आमची मागणी फार लहान आहे. प्रत्येक केंद्राच्या दाराशीं एक वही ठेवावी, आणि बाहेर पडणाऱ्या ज्या मुलास पेपराविषयीं कांहीं सांगावयाचें असेल त्यास तींत प्रश्न व हरकत फुकट लिहूं द्यावी. एकाच प्रश्नाविषयीं निरनिराळ्या गांवांच्या वह्यांत तेंच गाऱ्हाणें आढळलें तर तो प्रश्न त्याच आठवड्यांत तपासावा. वहीला एक दस्ता कागद लागेल; लाखों मुलांच्या शुल्कांतून तेवढा निघण्यास हरकत नसावी.