ओवाळणी आणि यादी

“आम्हाला काही नको. तुमच्या मुलीला काय द्यायचं ते हौसेनं द्या.”

गेल्या दिवाळीपासून हे वाक्य मी चार बैठकांत ऐकलं. चारही घरं शिकलेली. चारही वेळा मुलीच्या वडिलांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात आकडेमोड सुरू केली. त्यातल्या एका बैठकीत चहा झाल्यावर मुलाचे काका बाहेरच्या देशांतल्या मुलींवर घसरले. “तिकडे प्रेमाचा सौदाच असतो,” म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. मीही गप्प बसले. ते गप्प बसणं वर्षभर सलत राहिलं आणि त्यातूनच या अंकाचा विषय ठरला : नातं आणि व्यवहार.

वर्ष साधं नव्हतं. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय सरकारला जूनअखेर मागे घ्यावे लागले. सप्टेंबरच्या पुरानं मराठवाड्यातली हाताशी आलेली पिकं नेली. त्यावर आतल्या पानांत लिहिलेलं आहेच. इथे मला त्या काकांना उत्तर द्यायचं आहे.

दक्षिण आफ्रिकेत झुलू, खोसा आणि इतरही समाजांत लग्नाआधी ‘लोबोला’ ठरतो. मुलाकडची वडीलधारी माणसं मुलीच्या घरी जातात, बोलणी गाईगुरांच्या हिशेबात होतात, हल्ली बहुधा रोख रक्कम दिली जाते. मुलीचा आणि तिच्या घराचा हा मान आहे, असं तिथल्या अनेक बायकाही मानतात. पैसे मोजले म्हणून नवरा मालक होतो, असं सांगणाऱ्याही तिथल्याच. त्याच देशात तरुण मुलींचा खर्च उचलून त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या पैसेवाल्या पुरुषाला ‘ब्लेसर’ म्हणतात. वयात आणि पैशात एवढं अंतर असलं की मुलीला निरोधचा आग्रहसुद्धा धरता येत नाही. म्हणून २०१६ साली मुलींना एचआयव्हीपासून वाचवण्यासाठी सरकारनं मोहीम काढली, तेव्हा या ब्लेसरांचाही विचार करावा लागला. दोन्हीकडे पैसा आहे, पण लोबोला आणि ब्लेसर यांतला फरक तिथला समाज जाणतो.

युगांडात वधूमूल्य घेतात. लग्न मोडलं तर ते परत करायचं अशी रीत होती. माहेरी परतफेडीची ऐपत नसली की मार खाऊनही बाई तिथेच राहायची. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वधूमूल्य राहू दिलं, परतफेडीची सक्ती घटनाबाह्य ठरवली. बाईला बाहेर पडायची वाट हवी, एवढं न्यायालयानं ओळखलं. चीननं १९५० च्या विवाह कायद्यातच लग्नाच्या निमित्तानं पैसे उकळायला बंदी केली. तरी वरपक्षानं द्यायची ‘त्सायली’ टिकून आहे. खेड्यांत मुलांचे आईबाप तिच्यापायी कर्जात बुडतात. तिच्या परताव्याच्या तंट्यांसाठी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला नियम करावे लागले. मुस्लिम विवाहातला मेहर मात्र थेट वधूचा असतो. तो तिच्या बापाचा नाही, सासऱ्याचाही नाही.

आपल्याकडेही पैसा एकाच दिशेनं वाहिलेला नाही. मुलीच्या बापाला धन देऊन केलेल्या विवाहाला मनुस्मृतीत ‘आसुर’ म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींत मुलाकडून देज देत. देवलांच्या ‘संगीत शारदा’तला कांचनभट पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ते नाटक १८९९ चं. पुढे मुलगे शिकले, नोकरीला लागले आणि देज घेणाऱ्या कित्येक घरांतही हुंडा शिरला.

मग नात्यात पैसा येणं हेच पाप का? विवियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००५ साली जवळीक आणि पैसा यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. माणसं दोन्ही सतत एकत्र आणतात आणि कोणत्या नात्यात कसलं देणं शोभतं हे काळजीपूर्वक ठरवत असतात, असा त्यांचा निष्कर्ष. पाडव्याच्या संध्याकाळी आपल्याला हे घरातच दिसतं. बायको ओवाळते, नवरा ताटात ओवाळणी घालतो. भाऊबीजेला भाऊ घालतो. ते नातं कुणाला विकाऊ वाटत नाही. ओवाळणी तिच्या ताटात पडते, चारचौघांदेखत पडते आणि पुढे तिचीच राहते.

हुंडा तिच्या डोक्यावरून जातो. ‘हौसेनं’ या शब्दाआड तो मागितला जातो आणि नंतर तिच्याच जिवावर उठतो. १९६१ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. देणाऱ्या-घेणाऱ्याला किमान पाच वर्षांची कैद सांगितली आहे. तरीही २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांहून जास्त हुंडाबळींची नोंद झाली. सौदा कुठे असतो, हे त्या काकांनी या आकड्याला विचारावं.

याच कायद्याखाली १९८५ साली आणखी एक नियम झाला. न मागता मिळालेल्या भेटींची यादी करायची, वधूला आलेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, त्यावर वधूवर दोघांनी सही करायची. आपल्या बैठकांत याद्या होतात, पण त्यांवर तिची सही मी अजून पाहिलेली नाही.

वाचकहो, तुळशीचं लग्न लागलं की बैठका सुरू होतील. तुम्ही कुणाचे काका, कुणाच्या मावशी, कुणाचे मध्यस्थ म्हणून तिथे बसाल. “हौसेनं द्या” हे वाक्य कानावर आलं तर माझ्यासारखे गप्प बसू नका. “मागणी असेल तर आम्ही उठतो,” एवढं म्हणा आणि खरोखर उठा. मागणी नसेल, तर मुलीला आतून बोलावून घ्या आणि यादीचा कागद तिच्या हातात द्या.