आकाशातून दिसते ती माती

बँकेत शेती अधिकारी म्हणून मी नवा होतो तेव्हाची, १९८६ सालची गोष्ट. काटोलकडच्या एका शेतकऱ्याने संत्र्याच्या बागेसाठी कर्ज मागितले होते. सातबारा चोख, विहिरीला पाणी, जमीन काळीभोर. बांधावर उभ्या उभ्याच मी 'योग्य' असा शेरा लिहिला. म्हातारा सालदार हळूच म्हणाला, "साहेब, वरून काळी दिसते, पन खाली चुनखडी हाये." मी हसण्यावारी नेले. सहाव्या वर्षी झाडे पिवळी पडू लागली. चुनखडीत संत्र्याच्या मुळांना लोह मिळत नाही, हे मला फार उशिरा कळले. कर्ज थकले, बाग तुटली. शेरा माझा होता.

आता असा शेरा लिहायला उपग्रह मदतीला आला आहे. १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए अवकाशात गेला, तेव्हा त्याच्या अधिक बारीक कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ३६ मीटर लांबरुंद, म्हणजे १३ गुंठ्यांचा होता. आज युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, जवळजवळ एका गुंठ्याचा आहे. आणि ती चित्रे फुकट मिळतात. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोराने परतवते, त्यावरून पिकाची तब्येत समजते. त्यावर उतार, पाऊस आणि माती यांचे नकाशे ठेवले की कापूस कुठे, ज्वारी कुठे, याचा अंदाज बांधता येतो.

मी या विद्येच्या विरोधात नाही. उपग्रह कुणा पाटलाच्या ओसरीवर चहा पीत नाही, त्याला सगळे बांध सारखेच. पण त्याला दिसते ती जमिनीची कातडी. दोन हातांखालचा चुनखडीचा थर त्या चित्रात उमटत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेची माणसे म्हणूनच चित्र पाहून थांबत नाहीत. खड्डा खणून मातीचे थर तपासतात.

काही बँका कर्ज देताना आता उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेतात. माझे म्हणणे एवढेच, की पडद्यावरच्या रंगावरून कुणाचा अर्ज फेटाळू नये आणि मंजूरही करू नये. आधी शेतात एक खड्डा खणावा. गावाचा नकाशा मराठीत छापून ग्रामपंचायतीत लावावा, आणि 'हे चूक आहे' असे सांगण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा. नाही तर माझ्या हातून एका शेतात झालेली चूक यंत्र एका दिवसात हजार शेतांत करील.

आणि खड्डा खणताना सालदारालाही जवळ बोलवावे. मी ते केले नव्हते.