वीस तारखेची संध्याकाळ

पुणतांब्याच्या पेठेत पुढे दुकान, मागे घर. इंटरनेटची जोडणी मात्र एकच. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की सारे मोबाईल जागे होतात आणि नेमके जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र अडते. करदेय असल्यास विलंबशुल्क रोज ५० रुपये! अशा वेळी संगणक तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. ४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइटच, हा हिशेब व्यापाऱ्याने तरी विसरू नये. तारेवर वेग पुरेसा असल्यास अडथळा जाड भिंतींचा. राउटर गोदामातून घराच्या मध्यभागी आणावा. तारेवरही मंद असल्यास इतर उपकरणे एकेक बंद करावीत. बहुधा कोणाच्या तरी मोबाईलमधील लग्नाची छायाचित्रे गुपचूप वर चढत असतात. सर्व बंद करूनही वेग मिळाला नाही, तरच कंपनीकडे तक्रार नोंदवावी.