समासात लिहिण्याची मुभा

विभागातील जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने आम्ही एका बाह्य हार्ड डिस्कवर साठवली. सहकाऱ्याच्या संगणकावर ती वाचता आली. पण एक टीपही जोडता येईना. ग्रंथ हाती यावा आणि समासात लिहिण्यास मात्र मनाई असावी, तसेच हे. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. विंडोजची ही रचना मॅकओएस वाचते, परंतु अन्य साहाय्यक प्रणालीवाचून तीवर लिहीत नाही.

जुनी फॅट३२ बहुतेक सर्वत्र चालते. पण ४ जीबीची फाइल तिच्यात मावत नाही, आणि दीर्घ मुलाखतींचे चित्रीकरण तिथेच अडते. म्हणून माझा कौल एक्सफॅटला आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेली ही रचना विंडोज व मॅक दोहोंवर लिहू देते. लिनक्सच्या कर्नेलमध्येही तिला २०१९ पासून स्थान आहे. मात्र तिच्यात बदलांची नोंदवही नसते. लेखन चालू असताना डिस्क ओढून काढल्यास मजकूर बिघडण्याचा धोका अधिक.

शिवाय फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसणे. तेव्हा आधी दुसरी प्रत, मगच फॉरमॅट. संदर्भसाहित्य एकाच यंत्राच्या मर्जीवर सोपवणे अभ्यासकाला शोभणारे नाही, असे मला वाटते.